मास्तरांची मारुती: हेडचं पॅकिंग दुसऱ्यांदा का गेलं

गणपतीच्या चवथीला अठरा दिवस उरले होते आणि मास्तर गाडी घेऊन दारात उभे राहिले. गोव्यात गॅरेज चालवणाऱ्याला या दिवसांबद्दल वेगळं सांगायला नको. पणजी-मडगावात राहणारे, मुंबई-पुण्यात असलेले, सगळे मूळ घरी निघायच्या तयारीत असतात, आणि वर्षभर कुरकुरत ओढलेली प्रत्येक गाडी नेमकी याच पंधरवड्यात दाखवायला आणतात. डिचोलीजवळच्या माझ्या दोन गाड्यांच्या शेडमध्ये तेव्हा पाच गाड्या होत्या. सहावी मास्तरांची. त्यांना नाही म्हणणं शक्य नव्हतं, कारण तिसरीत पाढे त्यांनीच घोकून घेतलेत माझ्याकडून.

"फुल इंजिन, म्हणजे सगळं खोलून नव्याने बांधायचं आहे म्हणतात," ते म्हणाले. "अठ्ठावीस हजार सांगितलेत एकाने. तू बघून सांग."

गाडी १९९७ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरांचं इंजिन, सिलिंडरांचा ब्लॉक बिडाचा, त्यावरचं झाकण म्हणजे हेड अ‍ॅल्युमिनियमचं. मास्तर साखळीला राहतात. गाडी बाजाराला, देवळाला आणि महिन्या-दोन महिन्यांनी चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला, मुलीकडे. तक्रारी तीन. सकाळी चालू केली की मिनिटभर गाडी थरथरते, दोनच सिलिंडरांवर चालल्यासारखी, मग आपोआप सुटते. रेडिएटरमध्ये पाणी घालत राहावं लागतं, पण खाली थेंब दिसत नाही. आणि गेल्या मे महिन्यात घाट चढताना काटा लाल रेषेला टेकला, बॉनेटमधून वाफ आली, आणि तासभर रस्त्याकडेला थांबून ते परत फिरले.

पूर्वइतिहास विचारला. वर्षभरापूर्वीच्या एप्रिलमध्ये वॉटर पंप गळून गाडी तापली होती. तेव्हा दुसरीकडे हेड उतरवून त्याच्या आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग बदललेलं. कुठे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. धंद्यात आज त्याचं तर उद्या माझं.

जाताना त्यांनी एक वही दिली. गाडीची वही. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, रुपये आणि शेवटी शेरा, असे शाळेच्या हजेरीपटासारखे पट्टीने आखलेले रकाने. मी ती ऑइलच्या डब्यांच्या फळीवर ठेवली आणि विसरलो. हे आधीच कबूल करतो, कारण या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तीन दिवस त्या फळीवर पडून होता.

खोलण्याआधी

पॅकिंग गेलंय असा संशय कोणालाही आला असता. पण संशयावर हेड उतरवायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे तिन्ही प्लग काढले. पहिला आणि तिसरा कॉफीच्या रंगाचे, जसे असावेत तसे. मधला मात्र पांढराफटक, धुतल्यासारखा. सिलिंडरात पाण्याची वाफ होत राहिली की प्लगवर काजळी टिकत नाही. रात्री इंजिन थंड होताना जाकिटातलं, म्हणजे सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतलं पाणी हळूहळू मधल्या सिलिंडरात झिरपत होतं, आणि सकाळचं ते मिनिटभराचं थरथरणं म्हणजे ते पाणी बाहेर फेकलं जाईपर्यंतचा वेळ.

कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरातला दाब घेतला: १२, ९ आणि साडेअकरा किलो. मधल्या सिलिंडरात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत घेतलं, तरी काटा नऊच्या जरासाच वर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरली असती आणि आकडा चांगला वर गेला असता. तो गेला नाही, म्हणजे दाब वरच्या बाजूने पळतोय, व्हॉल्वकडून किंवा पॅकिंगकडून. मग रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू केलं. पाण्यात बारीक बुडबुड्यांची माळ सुरू झाली आणि थांबेचना. सिलिंडरातला वायू पाण्यात शिरत होता. (हे फक्त थंड इंजिनावर करायचं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेतलेले दोघे जण माझ्या ओळखीत आहेत, आणि दोघेही मेकॅनिक.)

ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस होता. हा फेस पाहून "पाणी ऑइलमध्ये आलं, इंजिन गेलं" असं सांगून माणसाला घाबरवणं सोपं असतं. पावसाळ्यात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या कुठल्याही गाडीत तो दिसतो. हवेतला ओलावा झाकणाखाली साचतो आणि इंजिन नीट तापत नसल्याने उडून जात नाही. डिपस्टिकवरचं तेल पाहावं. मास्तरांच्या गाडीचं काळं होतं, पण चहासारखं दुधाळ नव्हतं.

मास्तरांना फोन करून सांगितलं, "फुल इंजिन नको. हेड उतरवू, बोअर म्हणजे सिलिंडरांच्या आतल्या भिंती बघू. आत काही निघालं तरच पुढे जाऊ."

"आणि सहा महिन्यांनी परत खोलायला लागलं तर?"

प्रश्न रास्त होता. फुल इंजिन करून घेणाऱ्या माणसाला वाटतं, सगळंच नवीन झालं की शंका मिटली. पण हेडचं पॅकिंग ज्या कारणाने गेलं ते कारण नव्या रिंगा घालून जात नाही. अठ्ठावीस हजार खर्चूनही ते तिथेच राहिलं असतं. हे त्यांना पटलं की नाही, माहीत नाही. "बरं, तू म्हणतोस तर," एवढंच म्हणाले.

हेड उतरलं

वरचा होज काढून थर्मोस्टॅटचं घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडपच, नव्हता. गाडी हीट होते म्हटलं की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, ही आपल्याकडची जुनी खोड. त्याने इंजिन घाटात थंड राहत नाही, उलट सपाटीवर आणि बाजारच्या फेऱ्यांत ते कधी धड तापतच नाही. पेट्रोल जास्त पितं, तेलात ओलावा साठतो. झाकणाखालच्या फेसाचं मूळ इथेच होतं. पाणीही साधं, गंजाने लालसर झालेलं. कूलंटचा मागमूस नाही.

हेडचे बोल्ट दोन्ही टोकांकडून मध्याकडे येत, थोडे थोडे सैल केले. अ‍ॅल्युमिनियमचं हेड गरम असताना किंवा एका बाजूने सोडलं तर वाकतं, म्हणून ही शिस्त. काढलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्यावर हेडचा नकाशा काढून त्याच्या त्याच्या जागी भोक पाडून खोचला. ही सवय मला खाणींवरच्या टिपरांनी लावली. २०१२ मध्ये खाणी बंद पडेपर्यंत मी तिकडच्याच इंजिनांवर होतो, आणि तिथला फोरमन पुठ्ठा नसेल तर पाना हातात देत नसे. मारुतीच्या चिमुकल्या इंजिनासाठी पुठ्ठा कशाला, असं पोरं म्हणतात. या वेळी पुठ्ठ्यानेच वाट दाखवली.

हेड चिकटलेलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह होतो, तो आवरायचा; मॅनिफोल्डला धरून हलवत राहिलं की सुटतं. सुटलं. तीन पिस्टनांपैकी दोन काळे, मधला भांडी घासायच्या पावडरीने घासल्यासारखा लख्ख. बोअरमध्ये नख फिरवलं, वरची कड जेमतेम जाणवत होती आणि होनिंगच्या, म्हणजे भिंतीवर मुद्दाम मारलेल्या तिरप्या रेषा बऱ्याच ठिकाणी शिल्लक होत्या. ब्लॉक ठीक. फुल इंजिनाचा विषय तिथेच संपला.

माझ्या हाताखालचा पोरगा जुनं पॅकिंग बोटात फिरवत म्हणाला, "दादा, हें भंगारांत घालूं?"

थांबवलं त्याला. नव्या पॅकिंगची किंमत सगळे विचारतात, जुनं कोणी पाहत नाही. आणि ते धुवायचंही नाही. आहे तसं, दरवाजात उजेडाला धरायचं.

या इंजिनाचं पॅकिंग ग्राफाइटच्या थरांचं असतं, मध्ये पोलादी पत्रा आणि प्रत्येक सिलिंडरच्या भोकाभोवती पत्र्याची कडी. कडीने आतला दाब आणि आग अडवायची, ग्राफाइटने पाणी आणि तेल. मधल्या भोकाच्या कडीपासून, तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला, एक्झॉस्टच्या अंगाने, जवळच्या पाण्याच्या भोकापर्यंत एक करडी-तपकिरी वाट गेली होती. काडेपेटीच्या काडीएवढी रुंद. तिथलं ग्राफाइट खाऊन गेलेलं, पत्रा उघडा. बाकी सगळीकडे हेडचा आणि ब्लॉकचा ठसा गडद, स्पष्ट उमटलेला. या वाटेच्या आजूबाजूला मात्र ठसा पुसट, नाणं दाबून कागदावर शिसपेन्सिल घासावी आणि एका कडेला नाणं सरकावं तसा.

मायक्रोमीटर लावला. पॅकिंगवर सहा-सात ठिकाणी जाडी १.२० मिलिमीटरच्या आसपास. त्या जागेजवळ १.२९. म्हणजे तिथे पॅकिंग नुसतं जळलं नव्हतं, मुळात पुरेसं दाबलंच गेलं नव्हतं.

आता इथे घाई करण्याचा धोका होता. गाडी घाटात तापलेली, म्हणून हेड वाकलेलं, म्हणून तिथे दाब कमी, असं सरळ गणित मांडता येत होतं, आणि गॅरेजमध्ये आलेल्या दोघांनी ते मांडलंही. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घातला तर खरोखरच लांबीत मधोमध ०.०९ मिलिमीटरची फट निघाली. मर्यादा ०.०५ ची. वाकलं होतंच. पण हेड मध्यभागी वाकलं तर दाब इनटेकच्या बाजूलाही कमी व्हायला हवा, पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या मध्येही व्हायला हवा. इथे जाड जागा एकच होती, एका बोल्टाच्या शेजारची.

पुठ्ठ्याकडे वळलो. त्या जागेचा बोल्ट काढून पाहिला. बाकीच्यांची टोकं स्वच्छ, तेलकट. याच्या टोकाला विटेच्या रंगाचा घट्ट थर, आणि तो थर चपटा झालेला, खाली काहीतरी लागून दाबला गेल्यासारखा. सायकलचा एक जुना आरा घेतला आणि ब्लॉकमधल्या बोल्टाच्या भोकांत एकेक करून घालून नखाने खूण करत गेलो. सगळीकडे खूण जवळपास एका जागी. या भोकात आरा पाच मिलिमीटर आधीच थांबला.

आटे पाडायचा टॅप घालून आटे साफ केले, हवा मारली. भोकातून गंज, जुन्या पॅकिंगचे तुकडे आणि चिकट पाणी यांचा गोळा निघाला, वाटाण्याएवढा तरी असेल. आरा परत घातला, आता बाकीच्या भोकांइतकाच आत गेला.

मग सगळं जुळलं. मागच्या वेळी हेड आणि ब्लॉक साफ करताना ग्राइंडरला खरखरीत चकती लावलेली. हेडच्या पृष्ठभागावर गोल ओरखडे होते, नखाला लागत होते. त्या घासण्यातला कचरा बोल्टाच्या भोकांत पडला. एका भोकात जास्त. बोल्ट आवळताना तो तळाच्या कचऱ्यावर जाऊन बसला आणि घट्ट लागला. पाना धरणाऱ्याला वाटलं, बोल्ट बसला. टॉर्क रेंच वापरला असता तरी त्याने "टक" केलंच असतं, कारण रेंच बोल्ट फिरवायला लागणारा जोर मोजतो, हेड किती दाबलं गेलं ते नाही. बोल्ट घट्ट, हेड सैल.

वही

तरी एक गाठ सुटायची राहिली होती. बोल्ट आधी की ताप आधी? मे महिन्यात घाटात गाडी तापली आणि त्यामुळे पॅकिंग गेलं, असं मास्तर समजत होते आणि मीही सुरुवातीला तेच धरून चाललो होतो. तसं असेल तर मला रेडिएटर, पंखा, पाण्याच्या वाटा यांत मोठा दोष शोधायला हवा. उलट असेल तर मोठा दोष सापडून झाला.

फळीवरची वही तेव्हा आठवली. मास्तरांनी शेऱ्याच्या रकान्यात पाण्याची नोंद ठेवली होती, आणि माप होतं तांब्या. "पाणी अर्धा तांब्या." "पाणी १ तांब्या." फोन करून तांब्या केवढा ते विचारलं, पाऊण लिटरचा.

हेडचं काम एप्रिलमध्ये झालेलं. मे-जूनमध्ये शेरा रिकामा. जुलैमध्ये पहिला अर्धा तांब्या. सप्टेंबरपासून महिन्यातून एकदा. जानेवारीत दर पंधरवड्याला. मार्चमध्ये दर आठवड्याला एक, आणि एका ठिकाणी लाल शाईत, "गळती कुठे?" घाटातली वाफ त्यानंतर दोन महिन्यांनी. गाडी तापण्याच्या दहा महिने आधीपासून पाणी जात होतं.

म्हणजे पॅकिंग तापामुळे गेलेलं नव्हतं. पॅकिंग ताप येण्याच्या कितीतरी आधीपासून गळत होतं, पाणी कमी होत गेलं, सिलिंडरातला वायू पाण्यात शिरून त्याची फिरती तोडत होता, आणि घाटाच्या चढावर एक दिवस व्हायचं ते झालं. हेड वाकलं ते त्या दिवशी. हा उलटा क्रम लक्षात आला नसता तर मी हेड घासून, नवीन पॅकिंग घालून, भोकातला कचरा तसाच ठेवून गाडी दिली असती, आणि पुढच्या वर्षीच्या वहीत परत तांब्ये मोजले गेले असते. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण बोल्टाची भोकं मोजायची मला एरवी सवय नव्हती. आता आहे.

जुलैपर्यंत ते टिकलं कसं, याचंही उत्तर आहे. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं. फूटभर लांबीचं हेड थंड असल्यापासून ऐंशी अंश वर गेलं तर ब्लॉकपेक्षा पाव मिलिमीटरहून जास्त लांबतं, आणि थंड होताना परत येतं. प्रत्येक फेरीत पॅकिंगच्या अंगावरून हा एवढा घसारा होतो. नीट दाबलेलं पॅकिंग तो वर्षानुवर्षं सोसतं. सैल जागेला ते कुरतडलं जातं, आज केसभर, उद्या दोन केस.

जोडणी

हेड म्हापशाच्या मशीनशॉपला पाठवलं. चवथीआधीची रांग तिथेही. दोन दिवस म्हणाले, चार लागले. ०.१५ मिलिमीटर घासून घेतलं. मास्तरांना काळजी होती की घासल्याने इंजिन बिघडेल. हिशेब करून दाखवला: एका सिलिंडरची जागा सुमारे २६५ सीसी, कंप्रेशनचं प्रमाण साधारण ८.७, एवढं घासल्यावर ते फार तर ८.८ होईल. त्याने काही बिघडत नाही. दर दोन वर्षांनी घासत गेलं तर बिघडेल.

त्या चार दिवसांत दुसरीच लढाई. ऑगस्टमधल्या गोव्यात साफ केलेला बिडाचा पृष्ठभाग उघडा ठेवला तर रातोरात त्यावर केशरी लव उगवते. संध्याकाळी आरशासारखा ठेवलेला ब्लॉक सकाळी गंजलेला मिळतो. बोअरला आणि वरच्या पृष्ठभागाला इंजिन ऑइल चोळून, भोकांत कापसाचे बोळे घालून, वर प्लास्टिक बांधून ठेवलं. जोडायच्या दिवशी थिनरने पुसून तेलाचा अंशही राहू दिला नाही. ब्लॉक साफ करायला ग्राइंडर नाही, बोथट स्क्रॅपर आणि धीर. वेळ लागतो, पोरगा वैतागला.

हेड उतरलेलंच होतं, म्हणून व्हॉल्व लॅपिंग करून, म्हणजे व्हॉल्व त्यांच्या बैठकीत घासून नीट बसवून घेतलं, व्हॉल्वचे ऑइल सील बदलले, टाइमिंग बेल्ट बदलला. बेल्ट चांगला दिसत होता, पण हात आत गेलेलाच आहे तर पुन्हा मजुरी कशाला.

नव्या पॅकिंगचे दुकानात दोन प्रकार. एक कंपनीचं, एक तिच्या अर्ध्याहून कमी किमतीचं. जुनं पॅकिंग मी बरोबर नेलं होतं. स्वस्तातलं त्यावर ठेवलं तर एका पाण्याच्या भोकाचा चतकोर भाग झाकला जात होता. दुकानदार म्हणाला, चालतं. चालत असेल. मी कंपनीचं घेतलं.

पॅकिंगला काही लावायचं नाही, ना ग्रीस ना सीलंट. जुन्या अ‍ॅम्बॅसडर-पद्मिनीच्या काळातल्या तांब्याच्या पॅकिंगांना काही उस्ताद चंदेरी रंग फासत. त्या सवयीतले लोक अजून ट्यूब पिळतात. ग्राफाइटच्या पॅकिंगवर तो लगदा नुसता पाण्याच्या वाटा अडवतो. आणि जाता जाता: त्या जुन्या पॅकिंगांत अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. अशी गाडी हातात आली तर कोरडं खरवडू नका, ग्राइंडर तर नाहीच. ओलं करून काढा. ती धूळ फुप्फुसात बसते ती कायमची.

पॅकिंगवर छापलेलं टॉप वरच्या बाजूला घेऊन, पुलीच्या अंगाला ठेवून बसवलं. बोल्टांचे आटे ब्रशने साफ केले, तेलाचा हात फिरवला, भोकांत तेल नाही. भोकात तेल साठलं तर ते कचऱ्यासारखंच बोल्टाला अडवतं. मग मध्यापासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत आवळणी. शेवटचा आकडा मॅन्युअलमधला. तो इथे देत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी तोच आकडा आपल्या एस्टीमला लावेल. त्या एका बोल्टापाशी आल्यावर मी रेंच पोराच्या हातात दिला. आवळत असताना तो म्हणाला, हा बाकीच्यांसारखाच फिरतोय. हेच ऐकायचं होतं.

थर्मोस्टॅट नवीन आणला, अंगावर ८२ आकडा असलेला. बसवण्याआधी आमच्या चहाच्या टोपात पाणी घेऊन थर्मामीटरसकट उकळत ठेवला. ऐंशीच्या पुढे काटा गेल्यावर त्याने तोंड उघडायला सुरुवात केली. रेडिएटरचं झाकणही बदललं. त्याची स्प्रिंग मेलेली होती. ०.९ किलोचा दाब धरणारं झाकण असलं की साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास जाऊन मग उकळतं. दाब न धरणाऱ्या झाकणाखाली शंभरलाच. घाटात हे अठरा अंश फार मोलाचे असतात. पाण्याऐवजी निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी.

भरताना तीन लिटरलाच रेडिएटर तुडुंब दिसला. घाई असती तर झाकण लावून मोकळा झालो असतो. होज दाबत, हीटरचा नळ उघडून, इंजिन हळू चालवत दहा मिनिटं बसलो तेव्हा आतली हवा गुडगुडत बाहेर आली आणि आणखी अर्धा लिटर गेलं.

ऑइल आणि फिल्टर दोनदा: एकदा जोडल्यावर, एकदा शंभर किलोमीटरनंतर.

घाट

चवथीला चार दिवस असताना मास्तरांना शेजारी बसवून निघालो. साखळी, केरी, अंजुण्याचं धरण उजव्या-डाव्या वळणांतून दिसत-लपत मागे राहिलं आणि चढ सुरू झाला. पाऊस थांबून थांबून पडत होता, वळणावळणावर धबधब्यांपाशी गाड्या उभ्या करून लोक फोटो काढत होते, त्यामुळे दुसऱ्या गियरमध्ये थांबत-चालत जावं लागलं. ट्रायलला याहून चांगली परिस्थिती मिळाली नसती. काटा मध्याच्या किंचित खाली जाऊन बसला आणि तिथेच राहिला. मे महिन्यात जिथे गाडी थांबवली होती ते वळण आलं तेव्हा मास्तर गप्प झाले. वळण गेल्यावर म्हणाले, "इथे एक माणूस थांबला होता, बाटलीभर पाणी दिलं त्याने. नाव विचारायचं राहिलं."

माथ्यावर पंखा लागला, दोन मिनिटांत बंद झाला. परत येऊन, गाडी रात्रभर ठेवून, सकाळी प्लग काढले. तिन्ही कोरडे. कंप्रेशन १२.५, १२, १२.

बिल झालं साडेचौदा हजार. सुटे भाग, मशीनशॉप, कूलंट आणि ऑइल धरून नऊ हजार चारशे, बाकी मजुरी. मजुरीत मी मास्तरांना सूट दिली नाही, त्यांनी ती मागितलीही नाही. पैसे मोजून पावती घेतली आणि ती वहीत चिकटवली. जुनं पॅकिंग मात्र मी ठेवून घेतलं. ते आता टूलबोर्डवर खिळ्याला टांगलेलं आहे, ती काडीएवढी वाट खडूने गोल करून. नवा पोरगा कामाला आला की त्याला विचारतो, हे का गेलं सांग. अजून कोणी बोल्ट म्हटलेलं नाही.

दिवाळी झाल्यावर मास्तर ऑइल बघायला आले. न विचारता वही पुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात दर रविवारी, त्याच सुवाच्य अक्षरात, "पाणी: नाही. टाकीत रेघेवर." असं नऊ वेळा. दहाव्या ओळीवर "पाणी अर्धा तांब्या" वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. तोंड वर केलं तर ते माझ्याकडेच बघत होते.

"पुढचं वाच," म्हणाले.

पुढे कंसात लिहिलं होतं: काच पुसायच्या टाकीत.